मांजराचें मोल

ज्या वस्तूला किंमत नाहीं तिचा विमा उतरतां येत नाहीं, असें विम्याच्या व्यवहारांतील एक जुनें सूत्र आहे. गलबताला किंमत आहे, कापसाच्या गांठीला आहे, गाईम्हशींचा तर बाजारच भरतो. आणि माणसाच्या प्राणाचें मोल करतां आलें नाहीं तरी त्याच्या मिळकतीचें करतां येत असल्यामुळें आयुर्विम्याचा व्यापार सुखानें चालला आहे. मांजराचें काय? तें दूध देत नाहीं, गाडा ओढीत नाहीं, चोर आला तर भुंकत नाहीं. आणि आपल्याकडे तें बहुधा कोणी विकतहि घेत नाहीं. शेजाऱ्याच्या माळ्यावरून उचलून आणतात, किंवा तें स्वतःच एके दिवशीं येऊन चुलीपाशीं बसतें. (इराणी व सयामी मांजरांची खरेदीविक्री मोठ्या शहरांतून चालते हें खरें, पण तो अपवाद समजावा.) अशा प्राण्याच्या आजारपणाचा विमा उतरावा कीं नाहीं, हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून निघूं लागला आहे, कारण आपल्या देशांतील विमा कंपन्या कुत्र्यांच्या पाठोपाठ मांजरांच्याहि पॉलिसी विकूं लागल्या आहेत.

प्रश्न ऐकून पुष्कळांस हसूं येतें. मला तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाहीं. जनावराचें मोल किती, आणि तें आजारी पडलें अथवा मेलें तर तो भार कोणीं सोसावा, हे दोन प्रश्न मनुष्यानें फार पूर्वींपासून स्वतःला विचारले आहेत. त्यांचीं जुनीं उत्तरें पाहिल्यावांचून आजच्या हप्त्याचा हिशेब नीट मांडतां येणार नाहीं.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेंत (ख्रि. पू. अठरावें शतक) गुरांच्या वैद्यासंबंधीं दोन कलमें आहेत. बैलाला किंवा गाढवाला मोठी जखम झाली असतां वैद्यानें शस्त्र चालवून त्याला बरें केलें, तर धन्यानें त्याला शेकेलचा सहावा हिस्सा रुपें द्यावें. जनावर मेलें, तर वैद्यानेंच त्याच्या किंमतीचा कांहीं अंश धन्याला भरून द्यावा. म्हणजे वैद्य आणि विमेवाला हे एकच! आजच्या पशुवैद्यांस हें कलम रुचण्यासारखें नाहीं. आपल्या कौटिल्याची दृष्टि निराळी. त्याचा गोऽध्यक्ष राजाचीं गुरें गवळ्यांच्या हवालीं करतो, त्यांवर डाग देवून त्यांची नोंद ठेवतो. आणि जनावर आपल्या मरणानें मेलें तर गवळ्यानें त्याचा पुरावा आणून दाखवावयाचा असतो. गाय किंवा म्हैस असेल तर डागासह कातडें, शेळीमेंढी असेल तर खुणेचा कान, घोडा, गाढव किंवा उंट असेल तर डागाच्या कातड्यासह शेपूट. लबाडीला जागा ठेवावयाची नाहीं, हा त्यांतील हेतु उघड आहे. आपल्याकडे १९७३ सालीं साधारण विम्याच्या धंद्याचें राष्ट्रीयीकरण झालें आणि पुढें दुभत्या गुरांचा विमा खेड्यापाड्यांपर्यंत पोंचला, तेव्हां जनावराच्या कानांत क्रमांकाचा बिल्ला मारण्याची, आणि तो बिल्ला दाखविल्यावांचून दावा न मानण्याची पद्धति पडली. दोन हजार वर्षांनींहि कान तो कानच राहिला! मांजरांच्या बाबतींत हा कान आतां कातडीखालीं टोचलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपेंत गेला आहे, आणि तिच्यांत पंधरा आंकड्यांचा क्रमांक असतो, इतकाच काय तो फरक.

कौटिल्यानें मांजराचाहि विचार केला आहे, तो मात्र वेगळ्या प्रकरणांत. उंदरांचा उपद्रव माजला असतां मांजरें व मुंगूस मोकळीं सोडावींत, आणि त्यांना जो पकडील किंवा मारील त्याला बारा पण दंड करावा, असें तो सांगतो. येथें मांजर हें कोणाचें घरचें नव्हे. तें राज्याच्या उपयोगाचें आहे, आणि त्याचें मोल दंडाच्या रूपानें ठरलें आहे. हा दंड राजाच्या तिजोरींत जातो. मांजराला दूध घालणाऱ्या गृहिणीचें त्यांत कांहीं नाहीं.

मांजराच्या किंमतीचा अत्यंत तपशीलवार विचार मला आढळला तो वेल्सच्या जुन्या कायद्यांत. हे कायदे हवेल दा, म्हणजे सज्जन हवेल, या राजाच्या नांवानें चालतात. तो इ. स. ९५० च्या सुमारास वारला. कायद्यांचीं उपलब्ध हस्तलिखितें मात्र तेराव्या शतकापासूनचीं आहेत. त्यांत सांगितलें आहे कीं, पिलूं जन्मल्या रात्रीपासून डोळे उघडेपर्यंत त्याची किंमत एक पेनी. डोळे उघडल्यापासून उंदीर मारूं लागेपर्यंत दोन पेन्स. उंदीर मारूं लागलें म्हणजे चार पेन्स. आणि चार पेन्स मिळावयाचे तर मांजरीच्या अंगीं कोणते गुण हवेत, तेंहि सांगितलें आहे : कान, डोळे, दांत, शेपूट आणि नखें शाबूत असावींत, अंगावर भाजल्याची खूण नसावी, तिनें उंदीर मारावे, स्वतःचीं पिलें खाऊं नयेत, आणि दर अमावास्येला ओरडत भटकूं नये. यांतला एखादा गुण कमी निघाला तर विकणारानें किंमतीचा तिसरा हिस्सा परत द्यावा. राजाच्या कोठाराची राखण करणारें मांजर कोणीं मारलें अथवा चोरलें, तर त्याची शिक्षा अशी : मांजराला शेपटीनें असें टांगावें कीं डोकें जमिनीला लागेल, आणि शेपटीचें टोंक झांकेपर्यंत त्यावर गहूं ओतावे. तेवढे गहूं हीच त्याची किंमत.

हें कलम वाचून कोणालाहि गंमत वाटेल. पण तें गमतीखातर लिहिलेलें नाहीं. नुकसानभरपाई गव्हांत द्यावयाची, कारण जें वाचवावयाचें तें गहूंच होते. पिलाचें मोल वयाबरोबर चढतें, कारण दर टप्प्याला तें वांचण्याची व उपयोगी पडण्याची आशा वाढते. आजच्या विमागणितज्ञाला याहून निराळें कांहीं सांगावयाचें नसतें. फक्त एक गोष्ट ह्या कायद्यांत नाहीं. मांजर आजारी पडलें तर काय करावें, याविषयीं तो अवाक्षर काढीत नाहीं. चार पेन्सांच्या जनावरावर पांच पेन्सांचा उपचार कोण करणार!

मोल ठरविण्याची दुसरी रीत पापपुण्याची. हिरोडोटस लिहितो कीं, इजिप्तमध्यें घरांतलें मांजर मेलें म्हणजे घरचीं सर्व माणसें भिंवया उतरवीत. डायोडोरसनें तर आपल्या डोळ्यांदेखतची हकीकत सांगितली आहे : एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेलें, तेव्हां राजाचे अधिकारी मध्यें पडले असतांहि आणि रोमची धास्ती असतांहि जमावानें त्याचा जीव घेतला. आपल्याकडे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत मांजर मारल्यास शूद्रहत्येचें प्रायश्चित्त सांगितलें आहे. त्यांत मांजराचा गौरव किती आणि शूद्राची अवहेलना किती, हें उघड आहे. लोकांत जी समजूत रूढ झाली ती निराळीच : मांजर मारणारानें काशीस जाऊन सोन्याचें मांजर दान द्यावें. लहानपणीं ही धमकी ऐकली नाहीं असा मराठी वाचक विरळाच असेल. एवढी मोठी रक्कम मांजरावर जगांत दुसऱ्या कोणीं लावल्याचें मला ठाऊक नाहीं. पण तीहि मारणाराकडून घ्यावयाची, आणि द्यावयाची ती ज्याचें मांजर गेलें त्याला नव्हे, तर काशीच्या ब्राह्मणाला. हें विम्याच्या दृष्टीनें मोठेंच वैगुण्य म्हणावें लागेल.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे भार कोणीं सोसावा इकडे, वळूं. येथें इतिहास अधिक बोलका आहे.

यहुदी लोकांच्या बाबिलोनी ताल्मूदांत गाढववाल्यांच्या तांड्याचा एक करार आला आहे. तांड्यांतील लोकांनीं आपसांत असें ठरवावें कीं, ज्याचें गाढव जाईल त्याला बाकीच्यांनीं मिळून दुसरें गाढव द्यावें. करार चार ओळींचा, परंतु त्याला जोडलेल्या अटी पाहण्यासारख्या आहेत. गाढव धन्याच्या हलगर्जीपणानें गेलें असेल तर दुसरें देण्याचें कारण नाहीं. आणि तो जर म्हणाला, ‘मला पैसे द्या, माझ्या उरलेल्या गाढवाची राखण मी करीनच,’ तर त्याचें ऐकूं नये. त्याला गाढवच द्यावें. कां? ज्याच्यापाशीं जास्त जनावरें आहेत तो तांड्याच्या राखणींत जास्त मन घालतो. पैसे खिशांत गेले म्हणजे त्याचें लक्ष उडालें. विमा उतरल्यावर मनुष्य बेफिकीर होतो, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या आधुनिक ग्रंथांत मोठ्या नांवानें मिरवते. त्या गाढववाल्यांना ती पोथीवांचून समजली होती.

आइसलंडमध्यें राजा नसलेल्या लोकराज्याच्या काळीं (इ. स. ९३० ते १२६२) ‘ह्रेप’ नांवाचे शेतकऱ्यांचे संघ असत, एकेका संघांत निदान वीस शेतकरी असावयाचे. गोरगरिबांचा सांभाळ हें त्यांचें मुख्य काम. त्याबरोबरच, एखाद्याचीं पावपट किंवा त्याहून जास्त गुरें रोगानें मेलीं तर संघांतील इतरांनीं त्याचें निम्में नुकसान भरून द्यावें, असा त्यांच्या कायद्यांत नियम होता. निम्मेंच कां? पुरें नुकसान भरून मिळालें तर आजारी गाईपाशीं रात्रभर कोण बसेल? आणि पावपटीची मर्यादा कां? एखादुसरें जनावर ज्याचें त्यानें सोसावें. कंबर मोडेल एवढा घाव बसला तर शेजाऱ्यांनीं धांवावें. विमा कशाचा उतरावा आणि कशाचा उतरूं नये, यासंबंधीं याहून शहाणपणाचा नियम मला तरी सांपडलेला नाहीं. आजच्या मांजराच्या पॉलिसीला लावून पाहावयाची कसोटीहि मी हीच धरणार आहे.

शेजाऱ्यांची जागा कंपनीनें घेतली म्हणजे काय होतें, तें इंग्लंडांत दिसून आलें. १८४५ सालीं तेथें गुरांचा विमा उतरणारी एक मोठी कंपनी स्थापन झाली. तीन वर्षांत तिचें नुकसान इतकें वाढलें कीं, १८४८ सालीं धास्तावलेल्या भागीदारांना ठराविक रक्कम घेऊन मोकळें करण्याची तडजोड करावी लागली. १८६१ सालीं कंपनी बुडीत काढली गेली, आणि त्या तडजोडीनें सुटलेले भागीदार खरोखर सुटले होते कीं नाहीं याचे खटले १८६८ सालीं उमरावांच्या सभेपर्यंत गेले. वकिलांना आज ती कंपनी ठाऊक आहे ती त्या खटल्यांमुळें. कारण सांगणें कठीण नाहीं. ज्याचीं गुरें धट्टीकट्टीं तो विमा उतरीत नाहीं, ज्याच्या गोठ्यांत खोकला शिरला तो प्रथम धांवतो. आणि लंडनच्या कचेरींत बसलेल्या कारकुनाला दूरच्या परगण्यांतील गोठा दिसत नाहीं. पुढें १८६५ सालीं बुळकांड्या रोगानें इंग्लंडांतील गुरें पटापट मरूं लागलीं, तेव्हां तर कायदा करून रोगी गुरें मारून टाकण्याचें व त्यांची भरपाई सार्वजनिक निधींतून देण्याचें काम सरकारलाच हातीं घ्यावें लागलें. (हा रोग पृथ्वीवरून समूळ नाहींसा झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. देवीनंतर मनुष्यानें नाहींसा केलेला हा दुसरा रोग; त्याची आपल्याकडे व्हावी तितकी चर्चा झाली नाहीं.)

ह्या सर्व काळांत मांजर कोठें होतें? तें नोकरींत होतें. १८६८ सालीं लंडनच्या मनीऑर्डर कचेरींत उंदीर कागद खाऊं लागले, म्हणून तीन मांजरें ठेवण्याची मंजुरी मागण्यांत आली. खर्च मागितला होता आठवड्याला दोन शिलिंग. वरून मंजूर झाला तो एक, तोहि सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. बाकीचें पोट मांजरांनीं उंदरांवर भरावें, आणि काम समाधानकारक न झाल्यास भत्ता कमी करण्यांत येईल, असा शेरा होता. सरकारी खात्याचा स्वभाव कोणत्याहि देशांत, कोणत्याहि काळीं बदलत नाहीं, हें पाहून आनंद होतो. तीनच वर्षांनीं, म्हणजे १८७१ सालीं, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वीअर यानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें, आणि मांजराला उंदरांवांचून किंमत येऊं लागली. तरीहि उपचाराची गोष्ट दूरच होती. फ्रान्समध्यें लियोंला १७६१ सालीं पहिलें पशुवैद्यक विद्यालय निघालें तें गुरांच्या सांथीमुळें. परळला १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें तेव्हां त्याचें मुख्य लक्ष घोडे आणि गुरेंच होतीं. दयेचा ओघ मात्र आपल्याकडे निराळ्या पाटानें वाहत होता. १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईंत दंगल झाली, आणि १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या पुढाकारानें तेथें पांजरपोळ निघाला. धनी नसलेल्या जनावराचा भार सर्वांनीं मिळून वाहावयाचा, हा पांजरपोळाचा व्यवहार. त्यांत हप्ता नाहीं, म्हणून दावाहि नाहीं.

पाळीव प्राण्यांच्या विम्याचें माहेर म्हणजे स्वीडन. तेथें १८९० पासून घोड्यांच्या व गुरांच्या विम्याचा व्यवहार सुरू झाला; १९२४ सालीं कुत्र्याचा पहिला विमा उतरला गेला असें सांगतात. इंग्लंडांत कुत्र्याची पहिली पॉलिसी १९४७ ची. अमेरिकेंत १९८२ सालीं निघालेली पहिली पॉलिसी चित्रपटांत गाजलेल्या ‘लॅसी’ नांवाच्या कुत्र्याच्या नांवानें होती. मांजर ह्या यादींत शेवटीं येतें. पण ह्या सालांपेक्षां महत्त्वाचा बदल दुसराच आहे. घोड्याचा विमा म्हणजे घोडा मेल्यावर त्याची किंमत. आणि कुत्र्यामांजरांचा विमा हळूहळू झाला तो वैद्याच्या बिलाचा. चार पेन्सांचा हिशेब येथें संपला. विमा आतां जनावराच्या किंमतीचा राहिला नसून, तें वांचविण्यासाठीं धनी किती खर्च करील, याचा झाला. आज स्वीडनमध्यें बहुसंख्य कुत्र्यांचा आणि मांजरांपैकींहि फार मोठ्या भागाचा विमा उतरलेला असतो. इतका कीं, तेथील संशोधकांनीं १९९९ ते २००६ या काळांतील विम्याच्या दप्तरांवरून मांजरें कोणत्या वयाला व कशानें मरतात याचा अभ्यास करून तो २००९ सालीं प्रसिद्ध केला. राजांच्या मरणाच्या नोंदी पुष्कळ देशांनीं ठेवल्या. मांजरांच्या ठेवल्या त्या विमा कंपनीनें.

हा बदल वैद्यकाच्या प्रगतीवांचून झाला नसता. मांजरांतील रक्ताच्या कर्करोगाचा विषाणु ग्लासगोच्या जॅरेट यांनीं १९६४ सालीं दाखविला. टॉरिन नांवाचें द्रव्य खाण्यांत कमी पडल्यानें मांजरांचें हृदय दुबळें होऊन तीं मरतात, हें १९८७ सालीं सिद्ध झालें, आणि डबाबंद अन्नांत तें वाढवितांच तो रोग विरळ झाला. मांजरांच्या एका कोरोना विषाणूमुळें पोटांत पाणी होऊन मरण येत असे. तो रोग जडला म्हणजे आशा सोडावी, असें वैद्यच सांगत. त्यावरील नव्या औषधाचे कॅलिफोर्नियांतील प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाले : ३१ मांजरांपैकीं २६ मांजरांनीं बारा आठवड्यांचा उपचार पुरा केला आणि त्यांतलीं बहुतेक सर्व वांचलीं. औषध महाग, आणि टोचावयाचें रोज. पूर्वीं मांजर आजारी पडलें म्हणजे जिन्याखालच्या अंधारांत जाऊन बसे. बरें झालें तर तिसऱ्या दिवशीं बाहेर येई, नाहीं तर येत नसे. घरांतील माणसें हळहळत, आणि दोष कोणाकडेच जात नसे. आतां वैद्य टेबलापलीकडून सांगतो कीं मांजर वांचूं शकेल, आणि त्याला अमुक हजार रुपये लागतील. त्या क्षणीं जो निर्णय द्यावा लागतो तो आपल्या आजोबांना कधीं द्यावा लागला नव्हता. मुलें समोर उभीं असतात. मांजर पिंजऱ्यांतून पाहत असतें. महिन्याची पंचवीस तारीख असते.

विम्याचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, नेमक्या ह्याच प्रसंगासाठीं विमा आहे. हप्ता भरलेला असला म्हणजे टेबलापाशीं उभें राहून प्राण आणि पैसे यांची तुलना करावी लागत नाहीं. हा युक्तिवाद भावनेचा असला तरी पोकळ नाहीं, आणि माझ्या मतें तोच सर्वांत बळकट आहे. परंतु त्याची दुसरी बाजू इंग्लंडांत दिसूं लागली आहे. तेथें १९९९ पासून पशुवैद्य नसलेल्यांनाहि दवाखान्यांची मालकी घेण्याची मोकळीक मिळाली, मोठमोठ्या कंपन्यांनीं दवाखाने विकत घेतले, आणि उपचारांचे दर इतके चढले कीं, २०२३ सालीं स्पर्धाविषयक सरकारी मंडळानें त्यांची पाहणी सुरू केली व २०२४ सालीं तिला रीतसर चौकशीचें स्वरूप दिलें. दर चढले म्हणून विमा हवा, आणि विमा आहे म्हणून दर चढवितां येतात, असें हें चक्र आहे. तें एकट्या विम्यामुळें फिरतें असें नव्हे. पण वंगण त्याचें आहे.

आपल्याकडील पॉलिसीकडे आइसलंडच्या कसोटीनें पाहूं. बहुतेक करारांत विमा घेण्याच्या वयाला वरची मर्यादा असते. आधींपासूनचा रोग वगळलेला असतो. सुरुवातीचा कांहीं काळ आजारपणाचा दावा मानीत नाहींत. लशी वेळेवर टोचलेल्या हव्यात. आणि भरपाईच्या रकमेला कमाल मर्यादा असते. ह्या अटी पाहून कंपन्यांना शिव्या देण्याची रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते, कारण ह्या अटी म्हणजे गाढववाल्यांच्याच अटी आहेत. त्या नसत्या तर १८४५ च्या कंपनीची गत होईल. खरी अडचण कमाल मर्यादेची आहे. समजा, हप्ता वर्षाला अडीच हजार रुपये आणि भरपाईची मर्यादा पन्नास हजार. ज्या घरांत पन्नास हजारांचा खर्च एकदां, कष्टानें कां होईना, सोसतां येतो, त्या घराला ही पॉलिसी जें सोसवतें तेवढ्याचीच हमी देते आणि जें सोसवणार नाहीं तें उघड्यावर ठेवते. हें आइसलंडच्या नियमाच्या अगदीं उलट झालें. ज्या घरांत पंधरा हजारांचें बिलहि त्या महिन्याचें भाडें थकवील, अशा नुकतीच नोकरी लागलेल्या जोडप्यानें मात्र तरुण मांजराचा विमा अवश्य उतरावा. त्यांच्या दृष्टीनें तो पावपटीहून मोठा घाव आहे. म्हणजे मांजराचा विमा हा श्रीमंतांचा चोचला आहे ही जी समजूत आहे, ती मला बरोबर उलटी वाटते.

आमच्या घरीं दोन मांजरें आहेत : एक अकरा वर्षांचा बोका, ज्याच्या मूत्रपिंडाची तक्रार सुरू झाली आहे, आणि दुसरी दीड वर्षाची मांजरी. बोक्याला वयामुळें कोणी घेणार नाहीं, आणि घेतला तरी मूत्रपिंड वगळूनच घेतील. मांजरीचा विमा उतरावा असा माझ्या मुलीचा आग्रह होता, आणि तिचें म्हणणें टेबलापाशीं उभें राहण्याच्या प्रसंगासंबंधींच होतें. शेवटीं ठरलें तें असें कीं, हप्त्याची रक्कम दरमहा पोस्टांतील आवर्ती ठेवींत टाकावी, ती केवळ मांजरांची समजावी, आणि तिला दुसऱ्या कोणत्याहि कामासाठीं हात लावूं नये. ह्या ठेवीला एक दोष आहे तो मुलीनें लगेच दाखविला : पहिल्याच वर्षीं मोठा आजार आला तर डब्यांत कांहींच नसेल. तें खरें आहे. विमा पहिल्या वर्षींहि पुरा असतो आणि ठेव नसते. त्या एका वर्षाची जोखीम मीं माझ्या पगारावर घेतली आहे.

तिसऱ्या मांजराचा प्रश्न याहून अवघड निघाला. आमच्या इमारतीच्या जिन्यांत एक मांजरी राहते. ती चार बिऱ्हाडांतून जेवते आणि कोणाच्याहि नांवावर नाहीं. आपल्या देशांतील बहुतेक मांजरें अशींच असतात. इंग्लंडांत परक्या माणसांच्या आयुष्यावर विमे उतरून जुगार चालत असे, तो बंद करण्यासाठीं १७७४ सालीं कायदा झाला, आणि जिच्याशीं आपला हितसंबंध नाहीं त्या गोष्टीचा विमा उतरतां येत नाहीं हें तत्त्व त्यानें पक्कें केलें. तत्त्व योग्यच आहे. पण त्यामुळें चौघांचें मांजर हें विम्याच्या भाषेंत कोणाचेंच नव्हे. गेल्या पावसाळ्यांत तिचा पाय मोडला तेव्हां चारहि बिऱ्हाडांनीं वर्गणी काढली, आणि त्यावरून आमच्यांत आतां एक लहानसा फंड झाला आहे. त्याचे नियम लिहितांना मीं गाढववाल्यांचीं दोन्ही कलमें घातलीं : रोख रक्कम कोणाच्या हातीं द्यावयाची नाहीं, दवाखान्याचें बिल परस्पर भरावयाचें, आणि ज्या घराच्या हलगर्जीपणानें इजा झाली त्या घरानें निम्मा खर्च सोसावयाचा. दुसऱ्या कलमावर दोन सभा झाल्या. वरच्या मजल्यावरील गृहस्थांचें म्हणणें कीं, मांजर सज्जांतून पडलें तर तो हलगर्जीपणा धरूं नये, कारण मांजर पडलें तरी पायांवरच पडतें.

न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयांत उंच इमारतींवरून पडून आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील शेंकडा नव्वद वांचलीं. हा आंकडा आमच्या सभेंत त्या गृहस्थांनींच पुढें केला होता. जीं रस्त्यावरच मेलीं तीं रुग्णालयांत आलीं नाहींत, म्हणून तीं त्या १३२ मध्यें नाहींत, इतकेंच मीं त्यांना सांगितलें. आणि सज्जाला जाळी लावून घेण्याचा खर्च फंडांतून द्यावा असा ठराव मांडला. तो तीन विरुद्ध एक मतांनीं मंजूर झाला आहे.